लाइम आजार खाण्यापिण्याने बरा होतो का? साखर बंद करण्यापासून कालमेघापर्यंतच्या दाव्यांमध्ये किती तथ्य आहे?

साखर आणि गहू पूर्ण बंद करा. रोज कच्चा लसूण खा. कालमेघाच्या कॅप्सूल सुरू करा. मीठ आणि व्हिटॅमिन सी भरपूर घ्या. अमेरिकेत लाइम नावाच्या आजाराने त्रासलेल्या लोकांना असे सल्ले सतत मिळत असतात. लसूण, हळद, दालचिनी, कालमेघ ही नावं मराठी घरांना परकी नाहीत. त्यामुळे असा एखादा व्हीडिओ फॅमिली ग्रुपवर आला की तो पटकन खराही वाटतो.

थोडक्यात उत्तर असं आहे. लाइम हा जिवाणूंमुळे होणारा आजार आहे आणि वेळेत दिलेल्या अँटिबायोटिकने तो बहुतेकांचा बरा होतो. कोणत्याही आहारामुळे किंवा सप्लिमेंटमुळे माणसाच्या शरीरातला हा जिवाणू मरतो, असं आजवर सिद्ध झालेलं नाही. पण आहाराचा काहीच संबंध नाही, असंही नाही. गोळ्या नीट लागू पडण्यासाठी आणि नंतर रेंगाळणारा थकवा कमी करण्यासाठी खाण्यापिण्याकडे लक्ष द्यावं लागतं. आहाराचा उपयोग कुठे आहे आणि कुठे नाही, ते समजून घेऊया.

लाइम आजार म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात लाइम आणि ओल्ड लाइम ही छोटी गावं आहेत. १९७५ च्या सुमारास तिथल्या बऱ्याच मुलांचे गुडघे एकाएकी सुजू लागले. पॉली मरे आणि ज्युडिथ मेन्श या दोन आयांनी त्याचा पाठपुरावा केला आणि येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी तपास सुरू केला. त्यातून पुढे आलेल्या आजाराला गावाचंच नाव मिळालं. विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये गोचिडीच्या शरीरात त्यामागचा जिवाणू शोधला. त्यांच्या नावावरून त्या जिवाणूला 'बोरेलिया बर्गडॉर्फेराय' म्हणतात.

हा जिवाणू काळ्या पायांच्या एका विशिष्ट गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो. या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं आणि चावताना दुखत नाही. त्यामुळे चावा लक्षातच येत नाही. संसर्ग होण्यासाठी गोचीड साधारणपणे २४ तासांपेक्षा जास्त वेळ अंगाला चिकटलेली असावी लागते. एका माणसाकडून दुसऱ्याला हा आजार होत नाही.

चाव्यानंतर ३ ते ३० दिवसांत बहुतेक रुग्णांच्या त्वचेवर पसरत जाणारा लालसर चट्टा उठतो. तो सहसा दुखत नाही, फारसा खाजतही नाही. पुस्तकातल्या चित्रांत तो नेमबाजीच्या चक्रासारखा दिसतो, पण अनेकदा तो नुसताच लाल असतो. सावळ्या त्वचेवर तो मुका मार लागल्यासारखा दिसू शकतो. सोबत ताप, अंगदुखी आणि थकवा असतो. उपचार झाले नाहीत तर पुढच्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, हृदयाचे ठोके बिघडणं, गुडघ्यात पाणी होणं असे त्रास होऊ शकतात.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार तिथे दरवर्षी सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांना लाइमचं निदान होऊन उपचार दिले जातात. युरोपातही हा आजार सर्रास आढळतो.

उपचार काय आहेत?

अमेरिकेतल्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटनांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, चट्टा दिसणाऱ्या सुरुवातीच्या टप्प्यात डॉक्सिसायक्लिन १० दिवस, किंवा अमॉक्सिसिलिन वा सेफुरोक्झिम १४ दिवस दिलं जातं. सांधे धरले असतील तर कोर्स साधारण २८ दिवसांचा असतो. ही जुनी, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारी औषधं आहेत.

बहुतेक रुग्ण एवढ्यात बरे होतात. मात्र सीडीसीच्या माहितीनुसार ५ ते १० टक्के रुग्णांना उपचारांनंतरही सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा, अंगदुखी आणि लक्ष न लागण्याचा त्रास राहतो. तपासण्यांमध्ये फारसं काही सापडत नाही. हा त्रास खरा असतो, पण त्याचं नेमकं कारण अजून ठरलेलं नाही.

अशा रुग्णांना आणखी अँटिबायोटिक देऊन पाहण्यात आलं. २००१ मध्ये अमेरिकेतला आणि २०१६ मध्ये नेदरलँड्समधला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लांबलचक कोर्सचा फायदा दोन्हींत दिसला नाही. उलट महिनोन्महिने शिरेतून अँटिबायोटिक दिल्यामुळे काही रुग्णांना गंभीर संसर्ग झाले आणि त्यात मृत्यूही ओढवले, अशी नोंद सीडीसीने २०१७ मध्ये केली.

म्हणजे या रुग्णांची अडचण अशी की अंग दुखतंय, रिपोर्ट नॉर्मल आहेत, डॉक्टर 'विश्रांती घ्या' म्हणतात आणि पुढचं औषध कुणाकडेच नाही. नेमक्या याच ठिकाणी आहार आणि सप्लिमेंटचे सल्ले येतात. त्यात निदान काहीतरी करता येतं, हा त्यांचा सर्वात मोठा आधार असतो.

२०१५ मध्ये संशोधकांनी लाइमवर उपाय म्हणून विकल्या जाणाऱ्या पर्यायी उपचारांची मोजदाद केली. ३० पेक्षा जास्त प्रकार सापडले. त्यात ऑक्सिजन, किरणोपचार, शरीरातले धातू काढून टाकण्याचे उपाय आणि आहारोपचार असं सगळं होतं. त्यांपैकी एकाचाही लाइमवर उपयोग झाल्याचा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही.

दावा १: साखर बंद केली की जिवाणू उपाशी मरतो

बोरेलिया ग्लुकोज वापरतो, हे खरं आहे. पण तुमचा मेंदूही ग्लुकोजवरच चालतो. त्यामुळे तुम्ही एक कणही साखर खाल्ली नाही तरी यकृत स्वतः ग्लुकोज तयार करून रक्तात सोडतं. निरोगी माणसाच्या दर डेसिलिटर रक्तात उपाशीपोटीही साधारण ७० ते १०० मिलीग्रॅम साखर असतेच. ती शून्यावर आणायची तर जिवाणूच्या आधी माणूस बेशुद्ध पडेल.

गोड कमी केल्याने वजन, डायबिटीस आणि दात यांना फायदा होतो. तो जरूर घ्यावा. फक्त त्याला लाइमचा उपचार समजू नये. आणि डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता भात-पोळी एकदम बंद केली, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.

दावा २: लोह कमी घेतलं की जिवाणूची वाढ थांबते

बहुतेक जिवाणूंना वाढायला लोह लागतं. त्यामुळे हा दावा शास्त्रीय वाटतो. पण बोरेलिया इथे अपवाद आहे. त्याला लोहाची गरजच नसते, हे २००० साली 'सायन्स' या नियतकालिकातल्या शोधनिबंधाने दाखवून दिलं. लोहाच्या जागी तो मँगनीज वापरतो. म्हणजे पालेभाज्या, खजूर, मांस टाळून या जिवाणूचं काहीच बिघडत नाही. बिघडतं ते रुग्णाचं, कारण हिमोग्लोबिन घसरलं की थकवा आणखी वाढतो. भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आधीच मोठ्या प्रमाणात आहे, त्यामुळे हा सल्ला त्यांच्यासाठी जास्तच घातक आहे.

दावा ३: गहू आणि दूध सोडा, सूज उतरेल

ज्यांना सिलिअ‍ॅक आजार आहे त्यांनी गहू सोडायलाच हवा. ज्यांना दूध पचत नाही त्यांनी दूध टाळावं. पण गव्हातलं ग्लुटेन किंवा दूध यांच्यामुळे लाइम बळावतो, असं दाखवणारा पुरावा नाही.

काही जणांना गहू सोडल्यावर बरं वाटतं, कारण गव्हासोबत बिस्किटं, ब्रेड, नूडल्स आणि बेकरीचे पदार्थही सुटतात. ज्वारी, बाजरी, नाचणी खाऊन बरं वाटत असेल तर त्यात नुकसान काहीच नाही. नुकसान तेव्हा होतं, जेव्हा गहू, दूध, डाळी, फळं असं एकेक करत ताटातलं सगळंच काढून टाकलं जातं आणि आधीच अशक्त असलेल्या माणसाचं वजन उतरू लागतं.

दावा ४: लसूण, दालचिनी, स्टीव्हिया आणि कालमेघ जिवाणू मारतात

या दाव्याला संशोधनाचा आधार दिला जातो आणि ते संशोधन खरोखर झालेलं आहे. त्यामुळे ते नीट पाहायला हवं.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी लसूण, दालचिनीची साल, लवंग, ओरिगॅनो यांच्या तेलांचा बोरेलियावर प्रयोग केला. त्यात जिवाणू मेले. २०२० मध्ये त्यांनी क्रिप्टोलेपिस, काळा अक्रोड, जपानी नॉटवीड, कॅट्स क्लॉ अशा अनेक वनस्पतींचे अर्क तपासले. त्यातले काही प्रभावी ठरले.

पण हे सगळं काचेच्या नळीत झालं. तिथे अर्क थेट जिवाणूवर ओतला जातो. माणसाच्या बाबतीत तोच अर्क आधी पोटातल्या आम्लातून जातो, यकृतात त्याचं विघटन होतं आणि मग उरलेला अंश रक्तात पोहोचतो. लसणाचा एक गड्डा खाल्ल्यावर गुडघ्याच्या सांध्यात नळीतल्याइतकं तेल पोहोचेल, असं कुणीही दाखवलेलं नाही. नळीत तर ब्लीचनेही जिवाणू मरतात.

स्टीव्हिया या गोड पानाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. कनेटिकटमधल्या न्यू हेवन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये जाहीर केलं की स्टीव्हियाच्या पानांच्या अर्काने नळीतले बोरेलिया मेले. लगेच 'स्टीव्हियाने लाइम बरा होतो' असं पसरलं. पाच वर्षांनी जॉन्स हॉपकिन्सच्या त्याच २०२० च्या प्रयोगात स्टीव्हियाचा फारसा परिणाम दिसला नाही. म्हणजे दोन प्रयोगशाळांचं नळीतही एकमत झालं नाही. पहिली बातमी मात्र अजून फिरते आहे.

त्याच प्रयोगात कालमेघाचाही परिणाम नगण्य ठरला. कालमेघ म्हणजे कोकणात तापावर ज्याचा कडू काढा देतात ते किराईत. पाश्चात्त्य देशांत लाइमच्या हर्बल कोर्समध्ये ते प्रमुख औषध म्हणून घेतलं जातं. परंपरेने वापरलेलं म्हणजे प्रत्येकाला सोसणारं, असं मात्र नाही. कालमेघ असलेल्या उत्पादनांमुळे काही जणांना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते, असा इशारा ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकाने दिलेला आहे.

हळदीचंही तसंच. भाजीत चिमूटभर हळद घालणं आणि मिरीचा अर्क मिसळलेल्या कर्क्युमिनच्या जास्त मात्रेच्या कॅप्सूल रोज घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं अमेरिका आणि इटलीत नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी लसूण आणि हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत.

दावा ५: मीठ, व्हिटॅमिन सी आणि चांदीचं पाणी

एका पद्धतीत दिवसाला अनेक ग्रॅम मीठ आणि तितकंच व्हिटॅमिन सी घ्यायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. व्हिटॅमिन सीची रोजची कमाल मर्यादा अमेरिकेत २ ग्रॅम मानली जाते. त्यापेक्षा जास्त घेतलं तर जुलाब होतात आणि काहींना मुतखडा होऊ शकतो. ब्लड प्रेशर किंवा किडनीचा त्रास असलेल्यांसाठी हा प्रयोग सरळ धोक्याचा आहे.

कोलॉइडल सिल्व्हर म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण असलेलं पाणी. ते दीर्घकाळ घेतलं तर चांदी त्वचेत साठते आणि त्वचा निळसर-राखाडी होते. हा रंग सहसा परत जात नाही. लाइमवर त्याचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही.

'नैसर्गिक' किंवा 'पर्यायी' या शब्दांआडचा सर्वात वाईट अनुभव २००६ मधला आहे. बिस्मथ धातू असलेलं 'बिस्मासीन' नावाचं इंजेक्शन लाइमवर दिलं जात होतं. त्यातून एकाचा मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामकाला लोकांना सावध करावं लागलं.

'पण मला तर फरक पडला!'

असं सांगणारी माणसं खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच बरं वाटलेलं असतं. प्रश्न असतो तो कशामुळे बरं वाटलं, याचा. आणि लाइमच्या बाबतीत इथे एक मोठी फसगत होते.

लाइमचा चट्टा उपचार न करताही काही आठवड्यांत आपोआप नाहीसा होतो. तापही उतरतो. त्या काळात माणूस लसूण खात असेल तर लसणाने बरा झाला असं वाटतं, काढा घेत असेल तर काढ्याने. जिवाणू मात्र शरीरात राहिलेला असतो. काही महिन्यांनी गुडघा टम्म सुजतो तेव्हा त्या जुन्या चट्ट्याची आठवणही राहिलेली नसते. म्हणून सुरुवातीच्या चट्ट्यावर घरगुती उपाय करत बसणं, ही या आजारातली सर्वात महागात पडणारी चूक आहे. उपाय निरुपद्रवी असला तरी त्यात दहा दिवसांच्या गोळ्यांनी बरं होण्याची वेळ निघून जाते.

उपचारांनंतर रेंगाळणाऱ्या त्रासाचंही तसंच आहे. तो कमी-जास्त होत राहतो आणि बऱ्याच जणांचा काळाबरोबर कमी होतो. २००१ च्या अभ्यासात ज्यांना औषध नसलेलं सलाईन आणि नुसत्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्यातल्याही एक तृतीयांशाहून अधिक लोकांची तब्येत सुधारली होती. म्हणूनच एखादा उपाय खरा आहे की नाही हे ठरवायला दोन गट करून तुलना करावी लागते. एकट्याच्या अनुभवावरून ते कळत नाही.

'त्रास वाढला म्हणजे औषध लागू पडतंय' हे खरं आहे का?

पर्यायी उपचारांच्या जगात 'हर्क्स' हा शब्द फार ऐकू येतो. मूळ शब्द आहे यारिश-हर्क्सहायमर प्रतिक्रिया. अँटिबायोटिक सुरू केल्यावर पहिल्या २४ तासांत काही रुग्णांना थंडी, ताप, अंगदुखी होते आणि ती लवकरच थांबते. एवढाच त्याचा खरा अर्थ आहे.

सप्लिमेंट घेतल्यावर आठवडे-महिने मळमळ, पुरळ, चक्कर, जुलाब होत असतील आणि 'जिवाणू मरताहेत, सहन करा' असं कुणी सांगत असेल, तर ते धोक्याचं लक्षण समजावं. तो दुष्परिणाम असू शकतो, अ‍ॅलर्जी असू शकते, यकृत बिघडत असू शकतं. बरं वाटलं तरी औषधाचं यश आणि वाईट वाटलं तरी औषधाचंच यश, असा हिशोब ज्या उपायाचा असतो, तो चुकतोय हे कधीच कळू शकत नाही.

मग आहाराचा खरा उपयोग कुठे?

गोळी आणि दूध यांच्यात अंतर ठेवा. डॉक्सिसायक्लिन कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम आणि झिंक यांना चिकटतं आणि मग ते रक्तात कमी उतरतं. दुधाने थोडा फरक पडतो, तर लोहाच्या गोळ्या आणि अ‍ॅसिडिटीच्या अँटासिडने बराच पडतो. म्हणजे 'ताकदीसाठी' म्हणून सुरू केलेल्या मल्टिव्हिटॅमिनमुळे खरं औषधच कमी पडू शकतं. किती तासांचं अंतर ठेवायचं किंवा कोर्सपुरत्या या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून घ्यावं.

गोळी घेतल्यावर लगेच आडवं होऊ नका. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून घ्यावं आणि निदान अर्धा तास झोपू नये. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम होते. पोटात मळमळत असेल तर थोडं खाऊन घेता येतं. या काळात ऊन लवकर बाधतं, त्यामुळे अंग झाकून बाहेर पडावं.

पोट सांभाळा. अँटिबायोटिकमुळे जुलाब होतात. प्रोबायोटिकमुळे ते काही प्रमाणात कमी होतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. दही-ताक घ्यायला हरकत नाही, फक्त डॉक्सिसायक्लिनच्या वेळेपासून लांब. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांनी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. जुलाब पाण्यासारखे, वारंवार किंवा रक्ताचे असतील तर घरी थांबू नये.

थकव्याची दुसरी कारणं शोधा. उपचार संपल्यावरही थकवा, हातापायांना मुंग्या, विसराळूपणा राहिला तर सगळं खापर लाइमवर फोडू नये. व्हिटॅमिन बी १२ च्या कमतरतेची लक्षणं अगदी अशीच असतात. शाकाहारी भारतीयांमध्ये आणि मेटफॉर्मिन घेणाऱ्या डायबिटीसच्या रुग्णांमध्ये ही कमतरता नेहमी आढळते. बी १२, व्हिटॅमिन डी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड या चार साध्या रक्ततपासण्या महागड्या सप्लिमेंटच्या आधी कराव्यात. कमतरता निघाली तर ती भरून काढल्याने खरा फरक पडतो. न तपासता व्हिटॅमिन डीचे मोठे डोस घेतले तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो.

साधं, पूर्ण जेवण घ्या. भाकरी किंवा पोळी, डाळ-उसळ, पालेभाजी, फळं, दाणे, अंडी, खाणाऱ्यांनी मासे. त्यात लाइमविरुद्धची काही जादू नाही. पण आजारातून उठलेल्या शरीराला स्नायू परत मिळवायला प्रथिनं आणि पुरेसे उष्मांक लागतात. पुरेशी झोप आणि सोसेल तसा हळूहळू वाढवलेला व्यायाम यांची जोड असावी.

गोचीड चावल्यावर मटण बाधू शकतं

गोचिडीचा आणि आहाराचा एक संबंध मात्र अगदी खरा आहे, पण तो लाइमचा नाही. अमेरिकेत 'लोन स्टार' नावाची वेगळी गोचीड आहे. मुख्यतः तिच्या चाव्यानंतर काही लोकांच्या शरीराला 'अल्फा-गॅल' या साखरेची अ‍ॅलर्जी होते. ही साखर मटण, बीफ आणि पोर्कमध्ये असते. काहींना दूध आणि जिलेटिनही बाधतं. मासे आणि चिकन चालतात.

ही अ‍ॅलर्जी जेवणानंतर लगेच दिसत नाही, २ ते ६ तासांनी दिसते. रात्री मटण खाल्लं आणि मध्यरात्री अंगावर गांधी उठल्या, पोटात कळा आल्या, श्वास लागला, तर ते नुसतं अपचन नसू शकतं. अशा वेळी आहार बदलणं हाच मुख्य उपाय असतो, पण तोही रक्ततपासणीने निदान पक्कं झाल्यावर. श्वास लागत असेल तर आधी इमर्जन्सी गाठावी.

मराठी घरांनी हे का लक्षात ठेवायचं?

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, कनेटिकट, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत लाइमचे रुग्ण जास्त आहेत आणि मराठी कुटुंबंही भरपूर आहेत. अनेकांचे आई-वडील उन्हाळ्यात तिथे काही महिने राहायला जातात. नेमका तोच गोचिडींचा हंगाम असतो. घरामागच्या गवतात नातवंडांबरोबर खेळणं, झाडीतल्या पायवाटेवर फिरणं, पाळीव कुत्र्याला बाहेर नेणं, एवढ्यानेही गोचीड चिकटू शकते.

बाहेरून आल्यावर अंघोळ करून काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, कानामागे आणि केसांत तपासावं. गोचीड दिसली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढावी. तेल, रॉकेल किंवा पेटती काडी लावू नये. त्यानंतर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटावं. धोका जास्त असेल तर ते डॉक्सिसायक्लिनचा एकच डोस देऊन आजार टाळू शकतात.

चट्टा किंवा ताप भारतात परतल्यावर आला तर डॉक्टरांना अमेरिकेतल्या मुक्कामाबद्दल आवर्जून सांगावं. भारतात लाइमच्या नोंदी तुरळक आहेत, त्यामुळे इथल्या डॉक्टरांच्या मनात तो पटकन येत नाही. चट्ट्याचा फोटो काढून ठेवावा. पहिल्या काही आठवड्यांत रक्ततपासणी निगेटिव्ह येऊ शकते. ठसठशीत चट्टा असेल तर त्यावरूनच निदान करून औषध सुरू करता येतं.

इथल्या गोचिडींचाही विसर पडू नये. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरात आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोचिडींमुळे माकडताप पसरलेला आहे. तो विषाणूमुळे होतो, त्यामुळे लाइमच्या गोळ्या त्यावर चालत नाहीत. काजूच्या बागेतून किंवा जंगलातून आल्यावर जोराचा ताप चढला तर थेट सरकारी आरोग्य केंद्र गाठावं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पसरणारा चट्टा, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं, छातीत धडधड किंवा चक्कर येऊन पडणं, मान आखडून तीव्र डोकेदुखी, कारण नसताना गुडघा सुजणं. गोचिडींच्या भागात राहून आलेल्या माणसाला यातलं काहीही झालं तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आणि लाइमवरच्या आहाराचा पुढचा व्हीडिओ समोर आला तर तीन प्रश्न विचारावेत. प्रयोग माणसांवर झाला की काचेच्या नळीत? उपाय घेणाऱ्यांची तुलना न घेणाऱ्यांशी केली का? सांगणारा तीच कॅप्सूल विकतोय का? एवढ्यावर बहुतेक दाव्यांचा निकाल लागतो. जे उरतं ते म्हणजे वेळेवर पूर्ण केलेला कोर्स, गरजेपुरत्या तपासण्या आणि घरचं सकस जेवण. ते फॉरवर्ड करण्यासारखं चटपटीत नाही, पण रुग्णाच्या कामी येतं.